पैलतीरावरचे पांढरे बूट

पहाट पाण्यातून वर आली. आधी एक पांडुर रेषा, मग केशराची पुसट ओळ, मग घुमटांच्या माथ्यावर हलकेच उतरलेलं कोवळं सोनं. आणि त्या सोन्याखाली, हिरव्या निश्चल जळात पाय सोडून बसलेलं ते जगद्विख्यात नगर, व्हेनिस. रस्त्याच्या जागी पाणी, अंगणाच्या जागी पाणी, उंबऱ्याच्या पायरीशी पाणी. प्रासाद पाण्यात उभे, मंदिरं पाण्यात उभी, आणि त्यांची प्रतिबिंबं त्याच पाण्यात उलटी निजलेली. अवघ्या जगातले लोक इथे येतात ते हे बघून थक्क व्हायला.

गोमती तांडेल थक्क झाली नाही.

पाणी म्हटल्यावर ते दाराशी येणारच, एवढंच तिला वाटलं. मुरूडजवळच्या एकदऱ्याच्या कोळीवाड्यात तिचा जन्म गेला होता. भरतीला दाराशी आणि ओहोटीला दूर, असा दर्या तिथे घरच्या माणसासारखा ये-जा करायचा. तांडेलाची मुलगी, तांडेलाची बायको, तांडेलाची आई. तांडेल म्हणजे होडीचा कप्तान, आणि तीन पिढ्यांचे कप्तान जिच्या हातचं जेवून दर्यात गेले, तिनं चार राजवाडे पाण्यात बघून तोंडात बोट घालावं, हे बरं दिसलं नसतं.

साठी उलटलेली, शिडाच्या काठीसारखी ताठ. लाल-हिरव्या चौकड्यांचं लुगडं कासोटा मारून गुडघ्याशी नेसलेलं. कानांत जड सोनं, कपाळावर ठसठशीत कुंकू, अंबाड्यात मुलीच्या मिलानमधल्या बाल्कनीतल्या कुंडीतलं एक लाल फूल. आणि या साऱ्या वैभवाखाली, पायांत, सुनेनं हट्टानं घ्यायला लावलेले पांढरेशुभ्र स्पोर्ट्स शूज. वर कोळीवाडा आणि खाली क्रीडांगण, असं ते ध्यान होतं. पण चालीत असा काही डौल, की हसायला निघालेला माणूस हसायचं विसरून बाजूला व्हायचा.

मुलगी चेतना मिलानला नर्स होती. ती सोबत येणार होती, पण ऐनवेळी तिची रजा रद्द झाली.

"आये, एकटी नुको जाव," ती म्हणाली. "गल्ल्या लय हान. हरवशील."

"पान्यात कोली हरावलाय कवा?" गोमती म्हणाली, आणि एकटीच आगगाडीत बसली.

ते दिवस पावसाळ्यातल्या मासेमारीबंदीचे होते. तिकडे एकदऱ्याला दर्या खवळलेला, होड्या किनाऱ्यावर ओढून माडाच्या झापांखाली झाकलेल्या, जाळी बांबूंवर टांगलेली. कोळ्याला सुट्टी मिळते ती दर्या देतो तेव्हाच. ती सुट्टी घेऊन गोमती आली होती, आणि येताना, कपड्यांच्या घड्यांखाली, मुलाचं एक वाक्यही सोबत आलं होतं.

मुलाचं नाव हरेश. त्याची नवी होडी बांधून झाली होती. नारळी पौर्णिमेला पूजा करून ती पाण्यात उतरायची होती. मोठमोठे पाहुणे येणार, मंडप पडणार, वाजंत्री लागणार. आणि त्या उत्साहाच्या भरात हरेश आईला म्हणाला होता, "आये, त्या दिशी पावन्याना बूट काढाला सांगू नुको. लोका हसतान."

लोका हसतान. बोलून तो कामाला निघून गेला. गोमती मात्र तिथेच उभी राहिली होती.

कारण एकदऱ्याच्या बंदरावर पायताण घालून कोणी होडीवर चढत नाही. तान्हं म्हणून, तांडेल म्हणून, साहेब म्हणून कोणालाही सवलत नाही. होडी माणसाला पोटात घेऊन जाते आणि पोटात घेऊन परत आणते. तिच्या अंगावर चामडं चढवून कसं जायचं? म्हणून चपला धक्क्यावर राहतात, एका रांगेत, तोंडं गावाकडे करून. माणसं अनवाणी दर्यात जातात, अनवाणी परत येतात, आणि आपापल्या चपलांत पाय घालून घरी जातात.

ती रांग बघून बायकांना कळतं, कोण घरी आलंय आणि कोण अजून पाण्यावर आहे.

एका श्रावणात, नारळी पौर्णिमा उलटल्यावर, संध्याकाळी ती रांग एकेक करून रिकामी झाली. एकच जोड राहिला. धाकू तांडेलाचा, गोमतीच्या नवऱ्याचा. त्या जोडाला कोणी हात लावला नाही. गोमतीनंही लावला नाही. ती रोज जायची, बघायची, परत यायची. उन्हानं पट्टे वाळले, वाऱ्यानं वाळू आत साठली. मग एका उधाणाच्या भरतीनं ती जोडी उचलली आणि नेली. त्या दिवशी गोमती घरी आली, चूल पेटवली, मुलांना म्हणाली, "तुमचा बाबा चपला घेऊन गेला." तिला खरंच तसं वाटलं होतं. आणि त्या वाटण्यावर तिनं दोन मुलं वाढवली, बाजारात पाटी मांडली, घर उभं केलं.

आणि आता, लोका हसतान.

हसतात का? जन्मभर जे डोक्यावर मिरवलं, ते लोकांच्या लेखी म्हातारीचं खूळ होतं का? या बंदराबाहेर, या खाडीपलीकडे, होडीला कोणी काहीच मानत नाही का? मुलाला तिनं उत्तर दिलं नव्हतं. परत जाईन तेव्हा सांगीन, एवढंच म्हणाली होती. हो म्हणायचं की नाही, हे तिला अजून ठरवता आलेलं नव्हतं. गोमती तांडेलला काही ठरवता येत नाही, हीच मुळात नवलाची गोष्ट होती.

तर अशी ती त्या सुवर्णनगरीत हिंडली. उंच मनोऱ्याची घंटा ऐकली. सोन्याच्या तुकड्यांनी मढवलेल्या देवळात शिरली, आणि तिथल्या सोनेरी अंधारात आपलं कानातलं चाचपून पाहिलं. चौकात कबुतरांनी तिच्या भोवती फेर धरला. पुलावर उभ्या राहिलेल्या परदेशी माणसांनी राजवाड्यांवरचे कॅमेरे वळवले आणि तिच्यावर रोखले. तिनं पदर सावरला, हनुवटी वर केली, आणि हवा तितका वेळ त्यांना बघू दिलं. एवढं लांबून बिचारे आले होते, त्यांना काहीतरी चांगलं बघायला मिळावं.

संध्याकाळी चेतनानं फोनवर तिला त्या नगरीची जुनी रीत सांगितली. पूर्वी तिथले राज्यकर्ते दरसाल सोनेरी नौकेतून दर्यात जायचे आणि पाण्यात अंगठी टाकायचे. दर्याशी लग्न लागलं, असं म्हणायचे.



"आमी नारल देताव, यांनी आंगठी दिली," गोमती म्हणाली. "सोयरंच जालो म्हनायचं."

आणि त्या रात्री पाहुणी म्हणून नव्हे, सोयरीक जुळलेल्या घरी आल्यासारखी ती निर्धास्त झोपली.

दुसरा दिवस उजाडला तो निळ्या झळाळीचा. जळावर प्रकाशाची जाळी पसरलेली, वाऱ्यागणिक तिच्या गाठी आवळत आणि सैल होत. चेतनानं सांगून ठेवलं होतं की मोठ्या कालव्यापलीकडे मासळीबाजार आहे, आणि पलीकडे न्यायला होडी आहे. मासळीबाजार म्हटल्यावर गोमतीची चाल बदलली. राजवाडे तिनं शिष्टाचार म्हणून पाहिले होते. बाजाराला ती आपल्या मनानं निघाली.

लाकडी धक्का. धक्क्याशी लागलेली लांब, काळी, सडपातळ होडी. पुढे एक वल्हेकरी, मागे एक वल्हेकरी, दोघांच्या अंगात पट्ट्यापट्ट्यांचे सदरे. मागचा तरुण होता. पुढचा पांढऱ्या दाढीचा म्हातारा होता, खांदे रुंद, हात दोरखंडांनी घडवलेले.

गोमतीनं होडी पाहिली, आणि बाकी सारं नगर तिच्या डोळ्यांपुढून गेलं.

होडीवर चढताना जे ती आजवर करत आली होती, तेच तिनं केलं. तिला कोणी सांगितलं नाही, आणि तिनंही विचार केला नाही. वाकली, नाड्या सोडल्या, पांढरे बूट काढले. धक्क्याच्या कडेला, तोंडं नगराकडे करून, नीट जोडीनं ठेवले. मग होडीच्या पुढच्या टोकाला, नाळेला, बोटं लावली, ती बोटं कपाळाला लावली, आणि अनवाणी पावलानं आत उतरली. म्हाताऱ्यानं आधाराला हात पुढे केला होता. तिला त्याची गरज पडली नाही.

तरुण वल्हेकऱ्यानं हे पाहिलं आणि तो मोठ्यानं हसला. उभ्या असलेल्या उतारूंतले दोघेतिघे हसले. म्हातारा हसला नाही, पण भुवया आक्रसून तिच्या पावलांकडे बघत राहिला.

हसतात तर. सात समुद्र ओलांडूनही हसतात.

गोमतीनं ते हसू ऐकलं. पण पाठ तशीच ताठ, नजर तशीच समोर. होडी सुटली. मागून धक्क्यावरून कोणीतरी "सिन्योरा, सिन्योरा" म्हणून हाका मारत होतं. कालपासून लोक तिला फोटोसाठी अशाच हाका मारत होते. तिनं वळून पाहिलं नाही. होडी डुलली तशी ती डुलली, आणि बाकी सारे उतारू तोल सावरत एकमेकांच्या बाह्या धरत होते, तेव्हा ती एकटी हात सोडून उभी होती.

पैलतीर आला. पायरी चढली, आणि वास आला.

मग काही उरलं नाही, ना नगर, ना हसू. कमानींच्या छायेत ओल्या फळ्या, फळ्यांवर बर्फ, बर्फावर रुपेरी तारली, शाईनं माखलेली माकुलं, मिशा हलवणारी शेवंडं, तिसऱ्यांचे ढीग, आणि एवढ्या सगळ्यावर विक्रेत्यांच्या चढत्या हाका. भाषा निराळी आणि सूर तोच. गोमती त्या ओल्या फरशीवरून फिरली, या फळीशी थांबली, त्या फळीशी वाकली. पायाखाली थंड पाणी, बर्फाचा चुरा, खवले. जन्मभर बाजारात तिची पावलं अशाच ओलाव्यात भिजली होती. म्हणूनच तर आपण अनवाणी आहोत हे तिच्या ध्यानातच आलं नाही.

ध्यानात आलं ते बाहेर पडल्यावर. सूर्यानं तापवलेल्या कोरड्या दगडावर पाऊल पडलं आणि चटका बसला. तिनं खाली पाहिलं. मग सवयीनं आजूबाजूला पाहिलं, बूट कुठे आहेत म्हणून.

तेव्हा तिला समजलं.

एकदऱ्याची होडी ज्या धक्क्यावरून सुटते, त्याच धक्क्याला परत लागते. गोमतीच्या आयुष्यातला एकही जलप्रवास दुसऱ्या काठावर संपलेला नव्हता. आणि इथली ही होडी नुसती या काठावरून त्या काठावर जायची. चढायचं एकीकडे, उतरायचं दुसरीकडे. बूट तिकडे, आणि ती इकडे.

ती पुन्हा पायरीशी आली. मध्ये कालव्याचं हिरवं झगमगतं पात्र. पलीकडे धक्का. धक्क्याच्या कडेला दोन पांढरे ठिपके, शेजारी शेजारी, तोंडं नगराकडे करून. येणाऱ्याजाणाऱ्यांची पावलं त्यांना वळसा घालत होती.

काठावर राहिलेली एकच जोडी.

 इतक्या वर्षांत गोमती हे दृश्य विसरली नव्हती, आणि आज ते तिला दर्याच्या बाजूनं दिसत होतं. ज्याच्या चपला काठावर राहतात, तो परत आलेला नसतो. धाकूनं कधी असं मागे वळून पाहिलं असेल का? त्या काठावरची आपली जोडी त्याला दिसली असेल का? डोळे भरून आले. तिनं ते पुसले नाहीत, कारण पुसायला हात उचलला असता तर लोकांना कळलं असतं. हाकही मारली नाही. तांडेलाची बायको परक्या धक्क्यावर बुटांसाठी ओरडत नाही. ती नुसती उभी राहिली, तापल्या दगडावर, अनवाणी. मागून दोन पोरी तिच्या पायांकडे बोट दाखवून कुजबुजल्या. हसल्याही असतील.

मग पलीकडच्या धक्क्यावर हालचाल झाली. पांढऱ्या दाढीचा म्हातारा होडीतून वर चढला. बुटांपाशी थांबला. वाकला.

होडी निघाली. काळी, लांब, मंद. उतारू उभे होते, पण आता त्यांत गडबड नव्हती. एकटा तरुण मागून वल्हवत होता. पुढचा म्हातारा वल्हवत नव्हता. आपलं लांब वल्हं त्यानं होडीबाहेर आडवं धरलं होतं, दोन्ही हातांनी, पाण्याच्या वर. आणि वल्ह्याच्या टोकाला, नाड्यांची गाठ मारून अडकवलेले, ते पांढरे बूट.

होडीत ठेवले नव्हते. फळीवर नाही, कडेवर नाही, कुठेच नाही. होडीच्या अंगाला त्यांचा स्पर्शसुद्धा होऊ नये म्हणून ते बाहेर होते, अधांतरी, हिरव्या पाण्यावर डुलत. वल्हं जड होतं. म्हाताऱ्याचे दंड थरथरत होते. तरी ते टोक त्यानं होडीच्या काठाच्या आत येऊ दिलं नाही, इकडच्या पायरीला होडी लागेपर्यंत.

गोमतीला त्याची भाषा येत नव्हती, त्याला तिची येत नव्हती. पण त्याला सगळं समजलं होतं.

वल्ह्याचं टोक तिच्यापुढे आलं. तिनं बूट उतरवून घेतले. म्हाताऱ्यानं वल्हं खाली ठेवलं, दंड चोळले, आणि मग नाळेवर आपला रुंद पंजा ठेवून काहीतरी म्हणाला, हळू, घरातल्या माणसाबद्दल बोलावं तसं. तरुण वल्हेकरी मान खाली घालून होता. गोमतीनं दोन्ही हात जोडले. मग तिच्या मनात अभिमान दाटून आला, आणि तो तिनं लपवला नाही. एकदऱ्याची रीत एकदऱ्यापुरती नव्हती. पाण्यावर पोट असलेली माणसं जिथे जिथे आहेत, तिथे तिथे ती ओळखीची होती. कोणी पाळत असेल, कोणी विसरलं असेल, पण समोर आली की म्हातारे हात तिला झेलत होते.

तिथेच पायरीवर बसून तिनं फोन लावला.

"हरेश, आय बोलतंय."

"आये, कशी हास? हरावलीस नाय ना?"

"बूट हरावलं व्हतं. गावलं." ती थांबली. "आयक. पूजेच्या दिशी पावन्यांचं बूट धक्क्यावर ऱ्हातील. तुला सांगाला लाज वाटंल तर सांगू नुको. नवं लुगडं नेसून, नाकात नथ घालून, मी त्या बुटांच्या रांगेशी बसंन. एकेकाचं बूट मी राखीन."



"तू? लोकांच्या बुटांशी?" हरेशचा आवाज चढला. "धाकू तांडेलाची बायको बूट राखनार? आये, तसं नाय व्हनार."

"मंग?"

"मंग काय. मीच सांगीन पावन्याना. जो काढील तो चढंल. नाय काढील तो धक्क्यावरशी बगंल."

गोमती हसली. हा आवाज तिच्या ओळखीचा होता. याच आवाजात धाकू एकेकाळी भर वादळात माणसांना दोर ओढायला सांगायचा.

दुपार कलली होती. प्रासादांच्या भिंतींवर पाण्याचा उजेड नाचत होता, खिडक्यांच्या कमानी गुलाबी झाल्या होत्या, आणि कालव्याच्या हिरव्यात तांबूस सोनं विरघळत होतं. परतीची होडी लागली. गोमती उठली. बूट तिनं घातले नाहीत. नाळेला बोटं लावली, कपाळाला लावली, आणि अनवाणी आत उतरली.

ती पुढे उभी राहिली, म्हाताऱ्याच्या शेजारी. तो आता वल्हवत होता, संथ, लयीत. तिचा डावा हात कमरेवर, उजवा हात होडीबाहेर, पाण्यावर सरळ पसरलेला. त्या हातात नाड्यांची गाठ, आणि गाठीला पांढरे बूट.

होडी चालली, वल्हं बुडालं, वल्हं वर आलं. हिरव्या पाण्यावर बुटांचं पांढरं प्रतिबिंब होडीसोबत चाललं. काठावर लोक थांबले, बघू लागले. हसले की नाही, हे गोमतीनं पाहिलं नाही. तिची नजर समोर होती, पैलतीरावर, जिथे आता कोणाचीही जोडी वाट पाहत उरलेली नव्हती.